आधी डावा हात

हबीबभाईंनी झेंडूच्या क्रेटची थप्पी बाजूला सरकवली आणि मागं बसलेला माणूस दिसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. नाशकाच्या फूलबाजारात मुंगीला शिरायला वाव नव्हता. "ओ बाबा, उठा उठा, माल निकालना है," हबीबभाई म्हणाले. माणूस उठला नाही. बारदानावर बसवलेला तो म्हातारा डावीकडं कलंडला होता. अंगात कोरा पांढरा सदरा, डोक्यावर धुतलेली टोपी, छातीवर ओला डाग आणि घशात घरघर. हबीबभाईंनी वाकून चेहरा पाहिला आणि हातातला क्रेट तिथंच टाकला.

"या अल्ला! हे तर आपले सावळीरामअण्णा!"

सावळीराम काकड. मखमलाबादकडचा फूलशेतकरी. अर्धं आयुष्य याच बाजारात झेंडू आणि शेवंती विकून काढलेलं, त्यामुळं इथला प्रत्येक आडत्या त्यांना ओळखत होता. पण नऊ वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. डावं अंग गेलं, वाचा गेली. जो माणूस खाटेवरून मोरीपर्यंत स्वतःच्या पायानं जाऊ शकत नव्हता, तो शहराच्या मधोमध फुलांच्या ढिगामागं आला कसा?

बाजाराला उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. अण्णांना सांभाळणारी सून भाग्यश्री पलीकडच्याच रांगेत माल विकत होती. घरचा टेम्पो तिथंच उभा होता. ती धावत आली, अण्णांना सरळ बसवून त्यांचं तोंड पुसू लागली, तोवर गर्दीनं निकाल देऊन टाकला होता. सुनेनं म्हातारा आणून टाकला! कुणीतरी तिच्या अंगावर फुलांचा चिखल फेकला. उद्या त्याच फुलांची तोरणं दारोदार लागणार होती.

*

सहायक पोलीस निरीक्षक प्रतिभा गांगुर्डे यांना असले आयते निकाल आवडत नसत. आयतं मिळालेलं बहुधा शिळं असतं, असा त्यांचा पोलीसखात्यातला अनुभव.

"सरळ केस आहे मॅडम," हवालदार खैरनार म्हणाले. निवृत्तीला आलेला, मनानं चांगला, पण घाईचा माणूस. "ज्येष्ठ नागरिक कायदा, कलम चोवीस. ज्याच्याकडं सांभाळ आहे त्यानं म्हाताऱ्याला सोडून दिलं तर तीन महिने, नाहीतर पाच हजार दंड. मुलानं फोनवरून तक्रारपण दिलीय."

"कॅमेरा?"

"आहे ना. पण समोर क्रेटची भिंत. दसरा म्हटल्यावर काय दिसणार? आणि टेम्पो तर तिथं पन्नास येतात-जातात."

प्रतिभाबाईंनी भाग्यश्रीला समोर बसवलं. चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. साडीवर चिखल तसाच होता. ती रडत नव्हती, पण सारखी दाराकडं बघत होती.

"तुम्ही घरून कधी निघालात?"

"रोजच्यासारखी, अंधारातच. अण्णा झोपेल व्हते. उजाडल्यावर उठतेत ते. तवर मी माघारी येते."

"दाराला कुलूप?"

"लावते ना. किल्ली गोठ्यातल्या खुंटीला ऱ्हाते. घरच्या समद्यांना ठाव हाय."

"घरचे म्हणजे?"

"मालक अन् मीनाताई, माझी नणंद." ती थांबली. "मालक म्हंजे नावाचे. ते धा वर्सं झाली कॉलेज रोडला ऱ्हातेत. दुसरीसंगं."

नवऱ्यानं टाकलेली बाई, त्याच नवऱ्याच्या बापाचं हगणं-मुतणं नऊ वर्षं काढतेय. प्रतिभाबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही माहेरी का नाही गेलात?"

"चांदवडला भाऊ हाय. गेले व्हते. त्याच महिन्यात अण्णा पडले. पाणी पाजायला कोणी नव्हतं म्हून दोन दिवस आले." ती पुन्हा दाराकडं पाहू लागली. "मॅडम, मला कोंडा नाहीतर काय बी करा. पण दवाखान्यात त्यांना आडवं करून काही पाजू नका म्हनावं. पाणी बी नको. मी पावडर घालून घट्ट करते अन् चमच्यानं देते. पातळ काही दिलं का छातीत जातं."

खैरनारांनी हे ऐकून नुसतं हं केलं. प्रतिभाबाईंनी मात्र लगेच दवाखान्यात फोन लावला आणि तो निरोप शब्दाला शब्द दिला.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णांची मुलगी मीना बसली होती. तीस किलोमीटरवरच्या पिंपळगाव बसवंतला दिलेली, नवऱ्याचं द्राक्षांचं पॅकहाउस. डोळे रडून सुजले होते. तशातही ती आल्यागेल्याला थर्मासमधून चहा देत होती. तिनं पोलिसांनाही कप दिले.

"घ्या मॅडम. गवती चहा घातलाय, दारातलाच आहे. तुम्हीपण सकाळपासून उपाशीच असाल."

खैरनारांनी दोन कप घेतले. प्रतिभाबाईंनी एक घोट घेतला. चहा फर्मास होता.

"तुम्हाला कोणी कळवलं?"

"बाजारातून हबीबचाचांचा फोन आला. तशीच निघाले हो. माझा जीव थाऱ्यावर नाही. अण्णा माझे..." तिनं पदर तोंडाला लावला. "पण वहिनीनं असं केलं नसंल. ती थकली असंल फार तर. नऊ वर्षं म्हणजे काय कमी झाली? मी तिला रोज फोन करते. तिच्याशी गोड बोलणारं दुसरं आहे कोण?"

"तुमच्या भावाच्या तक्रारीत घराचं आहे. ते वहिनीच्या नावावर झालं तेव्हा तुमची हरकत नव्हती?"

"नाही. तिनं केलं, तिला मिळालं. फक्त ते वाक्य तेवढं लिहायला नको होतं."

"कोणतं वाक्य?"

मीनानं उत्तर द्यायच्या आत तिचा भाऊ ललित आला. इस्त्रीचे कपडे, हातात गाडीची किल्ली. बाप अतिदक्षता विभागात होता, पण त्यानं आधी पोलीस कुठं आहेत ते विचारलं.

"वाक्य मी सांगतो," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी ह्या बाईनं अण्णांकडून बक्षीसपत्र करून घेतलं. घर आणि भोवतालची जागा. अट काय, तर मरेपर्यंत सांभाळायचं. आणि वर लिहिलंय, 'माझ्या मुलाने व मुलीने माझा सांभाळ केला नाही, सुनेने केला.' अंगठा अण्णांचा, डोकं तिचं! आता सांभाळ कसा केला ते दिसलं ना बाजाराला? अट मोडली की बक्षीसपत्र रद्द होतं. कायदा मलाही कळतो."

"म्हणून तुम्ही ते रद्द करायला प्रांत कार्यालयात अर्ज केला होता?"

"अण्णांच्या नावानं. मागच्या महिन्यात अधिकारी घरी आले. मी होतो, मीनाला काही यायला जमलं नाही."

"छाटणी चालू होती बागेची," मीना म्हणाली.

"काय निघालं?"

ललितचं तोंड कडू झालं. "अंगाला जखम नाही, कपडे स्वच्छ, खोलीला वास नाही, असं लिहिलं त्यांनी. मी म्हटलं, अहो, बापाला साधा चहा देत नाही ती! सगळ्या आयुष्यात माझ्या बापानं दुसरी चैन केली नाही. तर तिनं डॉक्टरचा कागदच काढला. म्हणे पातळ काही गेलं तर फुप्फुसात जाऊन जीव जाईल. अधिकाऱ्यांनी वर मलाच दम दिला, जपा म्हणाले, अर्जदार आहे तोवर अर्ज आहे."

"आज पहाटे तुम्ही कुठं होतात?"

"झोपलो होतो. सोसायटीचा वॉचमन आहे, कॅमेरा आहे. बघा खुशाल."

खैरनारांनी ते तासाभरात तपासलं. ललितची गाडी रात्रभर हलली नव्हती. परत येऊन ते जिना चढता चढता म्हणाले, "माया बघा मॅडम. पिंपळगावची लेक पोचली तेव्हा मुलाचा पत्ता नव्हता. आणि तो राहतो इथं हाकेच्या अंतरावर."

प्रतिभाबाई पायरीवर थांबल्या, मग पुढं चढल्या.

अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर माहेनूर शेख त्यांना बाजूला घेऊन गेल्या. "डावा खांदा सुजलाय. कुणीतरी हात जोरात ओढलेला आहे. पण खरा धोका तो नाही. श्वासनळीतून आम्ही तपकिरी पाणी काढलं. चहा आहे. त्यात गवती चहाच्या पात्याचा बारीक तुकडासुद्धा मिळाला. फुप्फुसं भरलीत, वाचायची आशा मी देणार नाही."

"हे नातेवाइकांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"उद्यापर्यंत सांगू नका. आणि तो सदरा मला द्या."

सदरा दुकानातून आणलेला, कोरा होता. एकदाही धुतलेला नव्हता. डाव्या काखेतली शिवण टरकली होती.

*

दुपारी प्रतिभाबाई भाग्यश्रीला घेऊन मखमलाबादच्या घरी गेल्या. कुलूप जागेवर, किल्ली खुंटीला. पांघरुणाची घडी मात्र उलटसुलट पडलेली. भाग्यश्रीनं सवयीनं ती नीट केली.

"अण्णांचे कपडे दाखवा."

कपाटात पाच-सहा सदरे होते. प्रत्येकाची डावी बाजू बाहीपासून खालपर्यंत उसवून तिथं नाड्या लावलेल्या.

"हे कशाला?"

"हात वळत नाय ना त्यांचा. बाही चढवायला लय तरास. म्हून समदे उघडे करून घेतले. आधी डावा हात घालायचा, मंग उजवा. काढताना उलटं."

"नवा सदरा आणला होता का दसऱ्याला?"

"आणला असता तर आधी उसवला असता."

स्वयंपाकघरात प्रतिभाबाईंनी डबे उघडून पाहिले. डाळ होती, नाचणी होती, घट्ट करायच्या पावडरीचा डबा होता. चहा-पत्तीचा डबा कुठंच नव्हता.

"तुम्ही चहा पीत नाही?"

"पीत व्हते." भाग्यश्री ओशाळली. "पण केला का घरभर वास सुटतो. त्यांना मागता येत नाय, मला देता येत नाय. ते नुसते बघत ऱ्हायचे माझ्याकडं. मंग मी घरात आणायचाच बंद केला."

प्रतिभाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना एकाएकी फार राग आला होता. तो नेमका कुणाचा, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं.

*

अण्णा दसऱ्याच्या सकाळी गेले. शवविच्छेदन उरकेपर्यंत दुपार झाली. शवागाराबाहेरच्या बाकावर तिघं बसली होती. एका टोकाला ललित आणि मीना, दुसऱ्या टोकाला भाग्यश्री, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. मधे बरीच जागा रिकामी होती.

प्रतिभाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काल बाजारानं एक निकाल दिला. तो मला पहिल्या मिनिटापासून पटला नव्हता. म्हातारा माणूस टाकायचाच असेल तर लोक कुठं नेऊन टाकतात? परगावच्या स्टॅंडवर. जिथं ओळखणारं कुणी नसतं. अण्णांना ठेवलं अशा जागी, जिथं प्रत्येक जण त्यांना नावानं ओळखतो आणि जिथं त्यांची सून हजर आहे. म्हणजे ठेवणाऱ्याला त्यांना टाकायचं नव्हतं. सुनेनं टाकलं असं दाखवायचं होतं."

"म्हणजे माझ्यावर संशय?" ललित उसळला.

"तुमच्यावरच होता. फायदा तुमचा होता. पण तुम्ही ठेवलं असतंत तर फाटक्या मळक्या कपड्यांत ठेवलं असतंत. हाल दिसायला हवे होते ना? अण्णांच्या अंगात कोरा सदरा होता. ज्यानं आणलं त्याला सुनेचं नाव घालवायचं होतं, पण आपला माणूस चारचौघांत नाड्यांच्या सदऱ्यात बसलेला बघवत नव्हता. शिवाय तो सदरा घातला कसा? आधी उजवा हात घालून मग लुळा डावा हात मागं ओढला. शिवण टरकली, खांदा सुजला. नऊ वर्षं रोज कपडे घालणारी बाई हे झोपेतसुद्धा करणार नाही."

"मी तरी कुठं घातले कधी कपडे?" ललित म्हणाला. हे आपण काय बोललो, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"बरोबर. म्हणून सदऱ्यानं फक्त भाग्यश्रीताई सुटल्या. तुम्ही सुटलात ते दुसऱ्या गोष्टीनं. अण्णा खांद्यानं गेले नाहीत. बाजारात ठेवण्यापूर्वी त्यांना काहीतरी पाजलं गेलं, ते छातीत उतरलं आणि त्यानं ते गेले. पातळ दिलं तर जीव जाईल हे अधिकाऱ्यांनी तुम्हाला बजावलं होतं. आणि ते गेले की तुमचा अर्जही गेला. या तिघांत अण्णा जिवंत राहण्याची गरज सगळ्यात जास्त तुम्हाला होती. ज्यानं पाजलं त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं मायेनं पाजलं."

मीना ताडकन उठली. "चहानं कुठं माणूस मरतो का? काहीतरीच काय बोलता! दोन घोटांनी?"

मग भाग्यश्रीनं हळूच विचारलं, "चहा? ताई, अण्णांना चहा कोनी दिला?"

"मी अजून चहाचं नाव घेतलेलं नाही, मीनाताई," प्रतिभाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनीही कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या छातीतून गवती चहाचं पातं निघालं. भाग्यश्रीताईंच्या घरात चहाच नाही. काल तुम्ही तो मला पाजलात. पिंपळगावहून तुम्ही ललितच्या आधी पोचलात, कारण फोन आला तेव्हा तुम्ही पिंपळगावात नव्हताच. आज सकाळी तुमच्या पॅकहाउसचा ड्रायव्हर सहादू माझ्यासमोर बसला होता. बिचाऱ्याला तुम्ही सांगितलं होतं, अण्णांना दसऱ्याचा बाजार बघायचाय, वहिनी तिथंच आहे, ती घरी नेईल. त्यानं उचलून बसवलं."

काखेत कळसा म्हणतात ते हेच. काल दिवसभर पोलीस ज्या थर्मासमधला चहा पीत होते, तोच थर्मास आताही बाकाखाली होता. खैरनारांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मीना खाली बसली.

"पाच मिनिटांत कुणीतरी बघंल असं वाटलं होतं. मी कोपऱ्यावर उभी होते. हबीबचाचांनी बघितलं तेव्हाच हलले तिथून." तिनं बाकाखालच्या थर्मासकडं पाहिलं. "टेम्पोत त्यांनी थर्मास बघितला. नुसते ओठ हलवले. मला वाटलं, वहिनी ह्यांना साधा चहा देत नाही. मी पाजला. मॅडम, इतके खूश झाले हो. उजव्या हातानं माझा गाल धरला."

"आणि हे सगळं कशासाठी? घरासाठी?"

"घराला आग लागो!" मीना ओरडली. "ते वाक्य! मुलीने सांभाळ केला नाही. सरकारी कागदावर, कायमचं. माझ्या सासरी वाचलं ते. नवरा भांडणात ऐकवतो, जाऊ टोमणे मारते. मी रोज फोन करत होते. दिवाळीला कपडे आणत होते. ते रद्द झालं की मी त्यांना घरी नेणार होते. खरंच नेणार होते."

"नव वर्सं रस्ता मोकळाच व्हता, ताई," भाग्यश्री म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "गोड बोलणारी एक तूच व्हतीस मला."

ललितनं घसा खाकरला. "मॅडम, मग आता बक्षीसपत्राचं काय?"

आयत्या बिळावरच्या नागोबालाही थोडी लाज असते. प्रतिभाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. "अर्जदार आत टेबलावर आहेत. जा, त्यांना विचारा."

मग त्या मीनाकडं वळल्या. "हयगयीनं मृत्यूचा गुन्हा आहेच. शिवाय कलम चोवीस, जे तुम्ही वहिनीला लावायला निघाला होतात. कायदा म्हणतो, ज्याच्या हाती सांभाळ आहे तोच माणूस सोडून देऊ शकतो. नऊ वर्षांत अण्णांचा सांभाळ तुमच्या हाती पिंपळगावच्या टेम्पोत तेवढा आला. तेवढ्या वेळात तुम्ही त्यांना सोडून दिलंत."

खैरनार मीनाला घेऊन गेले. थर्मास जप्त झाला.

भाग्यश्री अजून बाकावरच होती. "मॅडम, एक विचारू? त्या कायद्यात सांभाळायचं काम कोनाचं लिव्हलंय?"

"मुलाचं. मुलीचं. मोठ्या नातवंडांचं."

"अन् सुनेचं?"

प्रतिभाबाईंना खोटं बोलावंसं वाटलं. "सुनेचं नाव नाही त्यात."

"म्हंजे मी गेले असते तरी चाललं असतं."

"कायद्याला चाललं असतं."

भाग्यश्रीनं मान हलवली. ते उत्तर तिला पटलं की टोचलं, हे प्रतिभाबाईंना कळलं नाही. घर तिचंच राहणार आहे हे त्या सांगणार होत्या, पण ती वेळ नव्हती.

आतून कर्मचारी आला. "काकडांचे जवळचे नातेवाईक कोण? मुलगा? या, सही करा आणि कपडे घालून घ्या."

जवळचा नातेवाईक उठला. सही केली. भाग्यश्रीनं पिशवी पुढं केली, ती त्यानं तिच्याकडं न बघता घेतली आणि आत गेला. दार अर्धवट उघडं राहिलं. ललितनं नाड्यांचा सदरा उलटसुलट करून पाहिला, त्याला काही उमगेना. शेवटी त्यानं बापाचा उजवा हात उचलला आणि बाहीत कोंबायला लागला.

"आधी डावा," भाग्यश्री दारातून कळवळून म्हणाली. "हळू घाला ना. दुखतो त्यांना."